नको

फोल्डरचं नाव मी ठेवलंय ‘नको’.
आत एकशे बारा जनावरं.

पहिलं काढलं ते एप्रिलात,
त्रेचाळीस अंशांच्या दुपारी,
वरच्या खोलीत, पत्रा तडतडत असताना.
खाली मडूरांचे माग खटाखट चाललेले,
टेबल हलायचं,
त्यामुळे त्याची पाठ थोडी थरथरतच उमटली.
पुण्याहून चार ओळी आल्या होत्या:
दुष्काळी मुलखातला प्राणी हवा.
खेळणाऱ्याला भीती वाटावी,
पण मारताना थोडं वाईटही वाटावं.

मी हिप्परग्याच्या तलावावर गेले.
आटलेल्या गाळात म्हशींच्या खुरांचे ठसे
भाजून विटांसारखे झाले होते.
तिथून पाय घेतले.
मान घेतली नान्नजच्या माळावरची.
माळढोकाची नव्हे, माळढोक दिसलाच नाही,
त्याची वाट बघत बसलेल्या वनरक्षकाची.

सहा पाय होते त्याला.
कॉलवर पेंढरकर म्हणाला, भारी आहे गं,
पण सहा पाय चालवायचे म्हणजे
ॲनिमेटरचे तीन आठवडे.
दोन काढ.
काढले.
मग शेपूट गेली, झाडांत अडकते म्हणून.
मग डोळे पुढे आले, कारण
बाजूला डोळे असलेलं जनावर भक्ष्य वाटतं,
शत्रू वाटत नाही.
नवव्या खेपेला ते कुत्रं झालं होतं.
चांगलं कुत्रं. कुठल्याही खेळात खपेल असं.

अप्पा साखर पेठेत जेकॉर्ड चादरींची डिझाइनं काढायचे,
आलेखाच्या कागदावर,
एकेक चौकोन लाल शाईने भरत.
एकदा त्यांनी मोर काढला,
मान वळवून स्वतःचाच पिसारा बघणारा.
शेठ म्हणाले, येलदी, मान सरळ करा,
वळली की तीनशे पत्ते वाढतात.
अप्पा म्हणाले, पोनी.
तेलुगूत ‘जाऊ दे’ म्हणायला एवढा एकच शब्द लागतो,
आणि तो त्यांच्या तोंडात फार लवकर यायचा.
सरळ मानेचा मोर अजून दिसतो थंडीत,
एसटी स्टँडवर झोपलेल्यांच्या अंगावर.
वळल्या मानेचा कागद आईने
शेंगाचटणीच्या डब्याखाली घातला.
तेल पिऊन पिऊन तो पारदर्शक झाला.
उजेडात धरला की
मोर दोन्ही बाजूंनी मागे बघायचा.

मी काही पोनी म्हटलं नाही. भांडले.
म्हणजे ईमेलमध्ये, तीन परिच्छेद,
शेवटी एक हसरा चेहरा.
मग कुत्र्याला शिंगं लावली
आणि बिल पाठवलं.

खेळ दिवाळीत आला.
भाचा साईतेज रात्रभर बसला त्याला.
कुत्र्यात काय दम नाही बे, म्हणाला,
मग जीभ चावून, म्हणजे, मावशी.
सणाचे माग बंद. खाली सगळं गप्प.
तिसऱ्या गुहेत एक दगडी दार आहे.
ते उघडताना घोगरं ओरडलं, पोटातून,
एकदा,
आणि मग सूर खाली उतरवत पुन्हा.

मी खुर्चीतून उठले.
हा आवाज सहा पायांच्याचा.
पहिल्याच आठवड्यात
माझं चित्र बघून कुणीतरी केला होता,
मला पाठवलाही होता.
हेडफोन लावून चारदा ऐकला होता मी
इथेच, घामाने कान चिकट झालेले असताना.
जनावर गेलं, आवाज उरला असणार,
आणि दाराला काहीतरी हवंच होतं.

साईतेज दार ओलांडून पुढे पळालेला.
परत जा, मी म्हटलं.
कशाला? काही नाही तिथं. खजिना पण नाही.
परत जा की.

हां.
आता बंद कर.
उघड.