पोचे काढणारा

ठेव इथं, कापडावर. अशी नाही, पालथी.
दिवा जरा बाजूला घे, केझाया;
डोक्यावरच्या उजेडात नाणं मुकं होतं,
तिरपा पडला की बोलायला लागतं.

हं. सिक्सपेन्स. पंधराशे त्र्याहत्तर.
आता उलट. राणीच्या डोक्यामागं गुलाब,
आणि कडेला ओकचं फळ, निम्मंच:
कुणीतरी कात्रीनं चांदी चोरली.
सापडला असता तर जीव गेला असता
नखाच्या चंद्राएवढ्या तुकड्यापायी.

टिकहिलच्या बीटच्या रानात सापडली ना तुझ्या बाबाला?
आणि नांगरानं वाकवली, म्हणतेस. नाही गं.
नांगराचा पोचा एकच असतो, रानटी,
वर ओरखडा ठेवून जातो.
या दोन घड्या आहेत,
एक अलीकडं वळलेली, एक पलीकडं.
हे कुणीतरी ठरवून केलंय.

एकेचाळीस वर्षं मी डॉनकास्टर रोडवर
गाड्यांचे पोचे काढले.
पत्र्याच्या पोटाखाली लोखंडी ठोकळा धरायचा,
वरून हातोडी, हलकी, मनगटातून,
जिथं फुगलंय तिथं नाही, त्याच्या शेजारी.
गिऱ्हाईक दारावरून हात फिरवून विचारायचं,
"नक्की कुठं लागलं होतं हो?"
तेव्हा कुठं मी हात धुवायचो.

म्हणून मला राण्यांचं फारसं नाही.
थॉर्पसाहेबांचा ट्रे बघितलास? सगळी अक्षरं पूर्ण,
नाणी नुकती न्हाऊन आल्यासारखी.
मी चुकलेली घेतो.
ही बघ, हिला दोन हनुवट्या.
खालचा साचा लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला,
मध्ये चकती, वरचा ठसा डाव्या मुठीत,
आणि उजव्या हातानं घाव.
ठसा उडाला. त्यानं परत हाणला.
सकाळपासूनची कितवी कोण जाणे,
थंडीनं मूठ ढिली पडली असेल,
किंवा मागं कुणी नाव घेऊन हाक मारली असेल.
त्याचा डावा अंगठा काळानिळा होता, पैजेवर सांगतो.
हा माझा बघ.

तर, सरळ करून देऊ का, असं विचारलंस.
येतं मला. म्हणून तर सांगतो.

अठ्ठ्याण्णव साली लीड्सच्या बाजारात
अशीच एक मिळाली, अठरा पौंडांना,
वाकडी म्हणून स्वस्त. मला वाटलं, माझाच धंदा.
घरी आणली. दोन लाकडी पट्ट्या, शिकंजा, धीर.
पहिली घडी लोण्यासारखी उघडली.
दुसरीला आवाज आला. मोठा नाही.
कपाटात उंदरानं दात लावावा एवढा.
चारशे वर्षांत चांदी आतून बिस्किट होते,
हे मला पत्र्यानं कधी शिकवलं नव्हतं.
मागच्या क्रुसाच्या बरोब्बर मधून गेली.
कडेनं लॅटिनमध्ये लिहिलेलं असतं,
मी देवाला माझा साहाय्यकर्ता केलं.
एका तुकड्यावर देव राहिला,
दुसऱ्यावर माझा.

एडिथ स्वयंपाकघरातून म्हणाली,
"बिल कुणाच्या नावानं करू?"

नंतर वाचलं, त्याच्याही आधीच्या काळात
आजारी लेकराच्या उशाशी नाणं वाकवून
संताला नवस बोलायचे लोक.
वाकवलेलं परत खर्चता येत नाही, म्हणून.
या राणीच्या वेळेपर्यंत संतांची थडगी फोडून झाली होती,
पण बोटांना कोण हुकूम पाठवणार?
किंवा नवस नसेलही. प्रेमबीम असेल.
किंवा कुणी नुसतंच, रागानं.
मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत होतं
त्याचं काम मी एका दुपारी पुसून टाकलं.

इकडं ये. अंगठा घाल त्या खोलगट भागात.
जोर नको. नुसता ठेव.

माझा मावत नाही तिथं.
तुझा बसला.

बरं, कागदात गुंडाळ, आणि जा, चहा घे,
थॉर्पसाहेबांनी बिस्किटं संपवायच्या आत.