एक मासा वजा

ऑक्टोबर सरत आलेला. बोगमाळोहून
रुझारची होडी निघते तेव्हा
पाण्यात अजून जुवारीचा गाळ असतो.
तीन हातांपलीकडचं दिसलं तर नशीब.

मी पोहायला शिकले ते विहिरीत, कागलजवळ,
पाठीला वाळका भोपळा बांधून.
आता पाठीला सिलिंडर, गळ्यात पांढरी पाटी
आणि सुतळीला लोंबणारी पेन्सिल.
पाटीवर दोन रकाने आहेत,
चार वर्षांपूर्वी मीच आखलेले.

पट्टेरी.
बोटाएवढा. काळानिळा.
अंगावर उभ्या रेघा, पांढरी, निळी, पांढरी,
दुरेघी वही आडवी धरावी तशा.
राहण्याचं ठिकाण: जेट्टीच्या पायऱ्यांखाली,
ओहोटीला कमरेइतकं पाणी, शेवाळलेला खडक.

कडीवाला.
ताटाएवढा. तपकिरीत केशरी मिसळलेला.
निळ्या कमानी छातीपासून निघून
मागे, वर, पाठीच्या टोकाकडे चढत गेलेल्या.
शेपूट पांढरी, आत्ताच धुऊन वाळत घातल्यासारखी.
आणि कल्ल्याच्या वर एक निळं कडं,
कप उचलल्यावर टेबलावर राहतं तसं.
राहण्याचं ठिकाण: बुडालेल्या जहाजाचं पोट,
सात वाव खोल. बहुधा जोडीनं.

दोघांच्याही गालावर मागे वळलेला काटा.
दोन्हीकडे तो मी नोंदवला होता,
कुळ एकच असेल म्हणून पुढे गेले.
(माझ्याजवळचं पुस्तक दुसऱ्या समुद्राचं होतं.)

आज मधल्या उतारावर,
जिथे मी मोजायला कधी थांबतच नाही,
कारण तिथे ना जेट्टी ना जहाज,
एका कपारीतून तळहाताएवढा एक बाहेर आला.
डोक्याकडे उभ्या रेघा अजून शाबूत.
शेपटीकडे त्या विरत चाललेल्या,
आणि त्यांच्यावरून, चुकीच्या दिशेनं,
पहिली कमान वाकायला लागलेली.
कडं अजून नव्हतंच. त्या जागी
निळा डाग, धड गोलही नाही.

मी त्याच्याकडे बघत राहिले.
तो माझ्याकडे आधी एका डोळ्यानं,
मग वळून दुसऱ्या.
पेन्सिल दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर
टेकवली, आणि तशीच धरून ठेवली.

वर आल्यावर रुझारला पाटी दाखवली.
"हो तोच न्हय?" तो म्हणाला, इंजिन पुसत.
"ल्हान आसतना जेट्टीकडेन. व्हड जालो की भायर."
अरे, मग चार वर्षं बोलला का नाहीस?
"तुवें केन्ना विचारलें?"

नाव काय म्हणता तुम्ही त्याला?
"जें नुस्तें खपना, ताका नांव कित्याक?"
मग बराच वेळ नुसतं इंजिन.
मग आपणहूनच:
"दिसेंबरांत मिंगेल येता, बोटीवयल्यान.
दर पावट दारांत उबो रावता
आनी आमचें सुणें ताचेर भोंकता."

रात्री खोलीवर, ओले केस तसेच,
वही उघडून चार वर्षांची बेरीज बदलली.
चौसष्ट जाती होत्या. त्रेसष्ट झाल्या.
पुण्याहून विचारतील, कुठला नाहीसा झाला?
आणि कारणांचा तक्ता पाठवतील: तापमान, ट्रॉलर, तेल.
लिहीन, यादीतून गेलाय,
पाण्यातला मासा पाण्यातच आहे.

'राहण्याचं ठिकाण'पुढे मात्र अडले.
जेट्टी लिहिलं, खोडलं. जहाज लिहिलं, खोडलं.
शेवटी लिहिलं: जेट्टीपासून जहाजापर्यंत,
मधल्या सगळ्या गढूळ पाण्यासकट.
ते चौकटीत मावलं नाही, समासात गेलं.

'स्थानिक नाव' अजून कोरं आहे.
खाली पाडेलीच्या दुकानापाशी
एक कुत्रं कुणावर तरी भुंकतंय,
आणि थांबलं. ओळखलं असावं.