नववी ब, दुसरा तास

फळ्यावर लिहिते: तो जातो. ती जाते.
खडू दमट, 'जा'चा नुसता ओरखडा उठतो.
बोरीकाठची शाळा, पारोळ्याहून दोन एसट्या बदलून.
कर्ता बदलला, मी सांगते, की क्रियापदाचं शेपूट बदलतं.
भिकन मालचे 'शेपूट'ला हसतो,
मग सगळा वर्ग.

वैजंता बडगुजर उभी राहते.
"बाई, आमनाकडे तं तो बी जास, ती बी जास,
मी बी जास. कोनलेच शेपूट नही."

हे वहीत लिहायचं नाही हं, मी म्हणते.
मीही 'जास'च म्हणायची, बी.एड.ला धुळ्याला जाईपर्यंत.
तिथं होस्टेलच्या मुली हसल्या
आणि एका रात्रीत मी 'जाते' झाले.

घरचा अभ्यास: पाच वाक्ये, कर्ता अधोरेखित करा.

मग कापूस फुटला.
हजेरीपटावर मुलींच्या नावांपुढं
गै, गै, गै.
फळ्याच्या कोपऱ्यात 'ती येते' चार दिवस तशीच.
लोटन आप्पा फडकं घेऊन दारात: पुसू का बाई?
त्यांनी दोनदा विचारलं.

नवव्या दिवशी वैजंता आली.
नखांच्या कडांना बोंडांचे ओरखडे,
वहीत पाचाऐवजी एकच वाक्य,
शाईत कापसाचा तंतू चिकटलेला:

मन्हा भाऊ शाळामा जास, मी वावरमा जास.

कर्ते दोन. दोघांखाली पट्टी धरून रेघ.
लाल पेन उघडून बसले.
क्रियापदात चूक सापडेना.
भावाला जे 'जास', तेच हिला,
काना नाही, वेलांटी नाही,
तसूभरही कुणाकडं न झुकलेलं.
फरक सगळा सप्तमीत.
शाळामा.
वावरमा.

विभक्तीचा धडा दुसऱ्या सत्रात आहे.
बरोबरची खूण केली नाही, फुलीही नाही.
समासात लिहिलं: उद्या ये.
आज्ञार्थात कर्ता लिहावा लागत नाही,
तरी मी पुढं 'तू' लिहिलं,
आणि रेघ मारली त्याच्याखाली.

पाच वाजता फाटकाशी आप्पा, हातात कुलूप.
"जातस का बाई?"
पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.
"हा आप्पा," म्हटलं, "जास."