आठ फुटी समुद्राचं कोटेशन

डॉक्टर मंगरुळे मॅडमना वेटिंग रूममध्ये समुद्र हवाय.
लातुरात. आठ फूट लांब, तीन रुंद, अडीच उंच.
प्रवाळ, निळे मासे, आणि मीठ पोत्यानं येणार.
शमशादनं आकडा ऐकला, हातातलं पीठ हातातच राहिलं:
"सोळाशे लिटर? आन् त्यात मीठ कालवायलेत?"
रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यापासून
ती कुठलीही गोष्ट घागरीतच मोजते.

माझं काम फक्त भिंतीचं. पाणी कशात थांबवायचं.
गंजगोलाईमागच्या बोळात चाळीस वर्षं काच कापतोय.
हिऱ्याची एक रेघ, खालून हलकी टिचकी,
आणि ती आपणहून दोन होते.

तौफिक म्हणतो, अब्बा, अक्रेलिक सांगा की.
वजन निम्मं. मे महिन्यात पाणी काचेतल्याइतकं तापणार नाही.
आणि सांधा बघा: द्रावण सोडलं
की दोन शीट विरघळून एकच होतात.
काच सिलिकॉननं जोडली तरी मनातून दोनच.

खरं आहे त्याचं. मी तरी नाही म्हणालो.
कारण दिलं नाही. असलं कारण देता येतं का?
त्र्याण्णवच्या त्या पहाटे मी दुकानातच झोपलो होतो.
जमीन हलायच्या आधी, म्हणजे मला कळायच्या आधी,
रॅकमधल्या काचा हीव भरल्यासारख्या
दात वाजवायला लागल्या.
मी उठून बोळात आलो. मग त्या सगळ्या पडल्या.
अक्रेलिक असतं तर शाबूत राहिलं असतं.
गप्पही राहिलं असतं.

मॅडमना म्हणालो, ओरखडे पडतील.
शेवाळ खरवडताना चुंबकाखाली वाळूचा एक कण आला
की समुद्राच्या तोंडावर रेघ.
"पॉलिश होतं ना?"
होतं. खांद्यापर्यंत हात बुडवून.
"आणि काचेचा ओरखडा?"
काचेला सहज पडत नाही.
"पडला तर?"
पडला तर राहतो.

त्या हसल्या नाहीत. माझ्या चष्म्याकडे बघत राहिल्या.
"स्वतःचंच कोटेशन तुम्ही उजेडात नेऊन वाचलंत, रज्जाकभाई.
आत या, डोळा बघू."

मग उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली.
आधी दिसला मॅडमचा डगला, इतका पांढरा
की माझ्या सदऱ्याची मलाच लाज वाटली.
मग खिडकीतलं आकाश.
एवढं निळं कुणी लपवून ठेवलं होतं?
"काय बसवलंत आत?"
"अक्रेलिक," त्या म्हणाल्या. "घडी घालून सरकवतो,
मग ते आपलं आपण उलगडतं.
तुमची काच एवढ्याशा फटीतून गेली नसती."

दुकानात येऊन सँपलचा तुकडा उभा धरला.
चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगितलं: पाण्यासारखी आहे.
कड हिरवी होती.
कैरीच्या सालीसारखी हिरवी.
डावा झाकून पाहिलं. उजवा झाकून पाहिलं.
डावा अजून माझ्या बाजूनं होता.

सोमवारी तपासणीला गेलो.
रेणापूरकडच्या बाया, एकेका डोळ्यावर हिरवं कापड,
टाकी येणार त्याच रिकाम्या भिंतीला टेकून बसलेल्या.
एकीचं नाव पुकारलं. ती भिंत धरून उठली,
मनगटभर बांगड्या,
आणि नव्या रंगावर पाच-सहा बारीक रेघा उमटल्या.
काच अक्रेलिकला ओरबाडते. उलटं होत नाही.
पण मावशी, समुद्राला हात लावू नका,
हे तिला सांगणार कोण?
तिनं नाही लावायचा तर कुणी लावायचा?

तौफिकनं कोटेशनमध्ये दोन रकाने पाडलेत.
माझ्या रकान्यात मी एक ओळ वाढवली:
कमी लोखंडाची काच, एकोणीस एमएम, कड बिनहिरवी,
भाव विचारून सांगतो.
त्याच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात:
वर्षातून एकदा ओरखडे काढायला मी येईन. मजुरी नाही.

मॅडमनी दोन्ही वाचलं. अजून काही बोलल्या नाहीत.
डाव्या डोळ्याची तारीख तेवढी दिली.