रिकामी खोली

कुशिरोत धुकं बंदरावरून चढतं
आणि पंपाचे दिवे कापसात गुंडाळून ठेवतं.
रात्री तीननंतर गिऱ्हाईक नसतं.
म्हणून काल नवा खेळ उघडला,
म्हणजे जुनाच, नव्याने घडवलेला,
पंचवीस वर्षांनी.

आधी चांगलं ते सांगते, नाहीतर
हिदेनोसुके म्हणेल,
तुला खोट काढायचीच खोड.

पडदा आता आतून उजळतो.
आमचा पडदा उसन्या उजेडावर जगायचा.
बर्फाच्या कारखान्याबाहेर
डबे विकणारं मशीन होतं, त्याला टेकून,
यंत्र जरा कलतं धरून,
त्याच्या पांढऱ्या दिव्यात
आम्ही दोघं दलदल ओलांडायचो.
खिशात मक्याच्या सुपाचा गरम डबा,
आधी बोटांसाठी, मग पोटासाठी.

आता हवं तिथे थांबता येतं.
पूर्वी त्यासाठी सराईच गाठावी लागे,
आणि आई हाक मारी तेव्हा
सराई नेमकी दोन डोंगर पलीकडे.

दर तीन पावलांना वटवाघळं आडवी येत नाहीत.
बरं झालं. अगदी मनापासून बरं झालं.

आणि ती औषधं कुटणारी सेरिमा,
जिच्या वाट्याला आख्ख्या खेळात दोनच वाक्यं,
'जखम दाखव' आणि 'चल पुढे',
तिला आता एक बहीण आहे,
पाण्याखाली गेलेलं एक गाव आहे.
मी काउंटरवर बसून रडले तिच्यासाठी.
ट्रकवाला म्हणाला, डोळ्यात डिझेल उडालं का?

आता खोट.

बाण. जिकडेतिकडे बाण.
इकडे वळ, याच्याशी बोल, हे उचल.
चुकायला जागाच ठेवलेली नाही;
चुकण्यात आमचा आख्खा एक फेब्रुवारी गेला होता
आणि तोच महिना मला दिवसागणिक आठवतो.

नदीवरचा नावाडी
पूर्वी अकरा हिरव्या ठिपक्यांचा होता.
हिदेनोसुके म्हणे, आजोबा आहेत.
मी म्हणे, बाई आहे, डोक्याला रुमाल बांधलाय.
आता त्याला दाढी आहे, आणि आवाज,
बँकेच्या जाहिरातीतल्यासारखा.
वाद मिटला.
वाद मिटणं दोषांत धरतात की नाही, ठाऊक नाही.
मी धरते.

तीन पिपाण्यांचं संगीत होतं,
तिसरी दर फेरीला अडखळायची.
आता चाळीस व्हायोलिनं,
एकही अडखळत नाही.
मीच त्या जागी येऊन अडखळते.

नावासाठी तेव्हा चारच अक्षरांची जागा.
त्यामुळे भाऊ माझा जन्मभर, म्हणजे त्या जन्मभर,
'हिदेनोसु' राहिला.
राजानेही त्याला तसंच हाक मारून तलवार दिली.
मग खेळाच्या पोटातली नाण्याएवढी बॅटरी संपली
आणि राजा, तलवार, हिदेनोसु,
सगळं एका दुपारी पुसलं गेलं.
नव्यात बारा अक्षरं मावतात.
मी पूर्ण नाव लिहिलं, वाचलं,
आणि शेवटचा 'के' खोडला.

पण खरी गोष्ट वेगळीच.
उत्तरेच्या मनोऱ्यात, सातव्या मजल्यावर
एक खोली होती. रिकामी.
एवढे जिने, एवढे राक्षस, आणि आत काहीच नाही.
आम्ही दर भिंतीला धडका दिल्या.
मध्यरात्री आलो, एकही शस्त्र न घेता आलो,
तो पांघरुणात म्हणायचा,
तिथे काहीतरी आहे, ते फक्त आपल्याला दाखवत नाहीयेत.

काल पहाटे चारला मी त्या खोलीत पोचले.
मधोमध एक पेटी आहे.
सोनेरी कडांची, चमचम करणारी,
वर बाण.
आत बहुतेक औषधाच्या तीन बाटल्या असतील.

हिदेनोसुके तोमाकोमाईला वेल्डिंग करतो.
आमचं बोलणं वर्षातून एकदा, जानेवारीत,
तेही बर्फ किती पडला एवढंच.
मी पडद्याचा फोटो काढून पाठवला,
खाली लिहिलं, खोलीत पेटी ठेवलीय रे.

पाच वाजता उत्तर आलं.
'उघडू नकोस.'

मग बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला,
मासळीची गाडी, टाकी फुल्ल.
मी हातमोजे चढवले.

यंत्र तसंच काउंटरवर ठेवलं, चालू.