मापांची वही

माझ्या वहीत सगळ्यांची मापं आहेत.
छाती, कंबर, मुंढा, बाही,
पाठीचा गळा किती खोल, सासूला न सांगता किती –
कन्नमवार नगरातल्या तीन पिढ्या
आखूड पेन्सिलीनं उतरवून ठेवल्यात.
चेहरा मात्र कुणाचाच घेतला नव्हता.

निशिगंधा कासारेचा फोन आला, पालिकेच्या दवाखान्यातून.
लिहून घे मावशी, म्हणाली,
नाकाच्या दांडीपासून हनुवटीखाली दोन बोटं.
कापडाचा वॉर्डात पुरेसा नाही, हे आधीच सांगते.
खरा एकेकच मिळालाय, आठवडाभर पुरवायचा,
त्याच्यावरून घालायला हवेत.
आणि आयाबायांना तर तोही नाही,
केसपेपरच्या खिडकीतल्या पेडणेकरांना नाही,
झाडूवाल्या पोरांना नाही.
हौसाबाई पदर बांधून बेडपॅन उचलते, मावशी.

कापड कुठलं? दुकानांना कुलपं.
कपाटात लग्नसराईचं अस्तर तेवढं होतं,
वैशाखातल्या एकोणीस ब्लाउजांचं,
मापं घेतलेली, तारखा पुढं गेलेल्या.
पिस्ता, मोतिया, हळदी, राणी.
राणी रंग चालेल का, विचारलं.
चालेल, डाग कमी दिसतील, म्हणाली
आणि फोन कुणीतरी हाक मारल्यासारखा बंद झाला.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर खडूचा गोल.
वरच्या गोलात धनावडे काका,
कारखान्यात तीस वर्षं पत्रा कापलेला माणूस,
मिठाईच्या खोक्याचा साचा करून कापड कापायचे
आणि कात्रीला 'यंत्र' म्हणायचे.
मधल्या गोलात सुलभा, चुण्या घालायला.
खालच्यात पार्कसाइटची तरन्नुम, नाकाबंदीत इकडंच अडकलेली.
रोजा होता, दोऱ्याला ओठ लावायची नाही,
टोक तिरकं कापून
एका दमात ओवायची.
दारात मी आणि माझं पायमशीन.

इलास्टिक ऐंशी मास्कांत संपलं.
मग जुन्या बर्मुड्यांतलं ओढून काढलं,
मग परकराच्या नाड्या,
मग सुलभाच्या नवऱ्यानं न विचारता
आपल्या बुटांच्या लेस आणून ठेवल्या.
कुठं जायचंय, म्हणाला.

पहाटे साडेचारला दुधाच्या क्रेटमधून गठ्ठा जायचा,
पिशव्यांच्या खाली नाही, वर.
पहिल्या गठ्ठ्यातले चाळीस परत आले.
कान कापतात. डोक्यामागं बांधायचे करा.
उसवायला बसलो.
उसवताना कुणी बोललं नाही;
टिपं गाळण्यापेक्षा टीप मारलेली बरी,
असं माझी आई म्हणायची,
पण तिनंही दोन्ही केलं होतं.

तळमजल्याचे मयेकर रात्री काठीनं छत ठोकायचे.
झोपू द्या हो! दोनदा सोसायटीला अर्ज दिला.
मी मशीनखाली सतरंजी घातली, ते ठोकत राहिले.
मग एका रात्री ठोकले नाहीत.
सकाळी खाली पिवळी पट्टी बांधलेली.

निशिगंधानं नंतर सांगितलं,
खाटेवरून तिच्या तोंडाकडं बघत म्हणाले होते,
ही वरच्या बाईची शिलाई.
तुम्हाला काय कळतं शिलाईतलं, तिनं विचारलं.
कळत नाही, म्हणाले, पाठ झालीय.

पुढच्या मार्गशीर्षात निशिगंधा माप द्यायला आली.
एकोणिसांतला एक ब्लाउज तिचाच होता.
तिच्याच अस्तराचे अकरा मास्क निघाले होते,
हे मी तिला तेव्हा सांगितलं.
कंबर अडीच इंच कमी भरली.
जुना आकडा खोडला, नवा लिहिला.
टेप मानेवरून काढताना
कानामागं हाताला एक बारीक वळ लागला,
काही बोलले नाही मी.
चहा घेशील का, एवढंच विचारलं.

मयेकरांच्या खोलीत आता भाडेकरू आहेत,
वसईकडचे, नवराबायको, शांत.
म्हणतात, काकू, खुशाल चालवा मशीन,
आम्हाला काही ऐकू येत नाही.
दहानंतर माझा पाय तरीही हळू पडतो.