गुण

किडरमिन्स्टरच्या आमच्या गल्लीत
दर दुसऱ्या मंगळवारी निळा डबा तोलतात.
ट्रकचा हात तो उचलतो, काटा हलतो,
किलोमागे अडीच गुण.

काउन्सिलचं पत्र आलं:
अभिनंदन, सौ. देवस्थळी,
गल्लीत तुम्ही पहिल्या.

मी?
मी तर दुधाचे चार कॅन टाकते
आणि पुठ्ठा, तोही दुमडून.

बाकीचं वजन कुणाचं ते ठाऊक आहे मला.
रात्री अकरानंतर शेजारचा हॉलिस
नुसत्या मोज्यांवर येतो,
एकेक बाटली निजवतो माझ्या डब्यात,
काचेला काच लागू नये अशी.
त्याचा स्वतःचा डबा हलका.
मुलगी रविवारी येते, झाकण उघडून बघते.

साठलेल्या गुणांवर
पोहण्याच्या तलावाची दोन तिकिटं मिळाली.
एक त्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं.
चिठ्ठी नाही जोडली. काय लिहिणार?

आज काटा जेमतेम हलला.
सहा किलो, पंधरा गुण.
ड्रायव्हर म्हणाला, "गावाला गेला होतात का?"

हॉलिसचे पडदे अजून ओढलेलेच.
मागच्या दोरीवर मात्र
एक टॉवेल, नीट न पिळलेला,
टोकातून थेंब थेंब गळतोय.